जपानी कार्ट्रिज: कुठल्या यंत्रावर काय चालतं, आणि जुन्यातलं सेव्ह कसं टिकवायचं? (एका फोरमवरची चर्चा; प्रत्येक भागाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे)

तळटीप

माझ्याकडे तीन हँडहेल्ड (हातात धरून खेळायची यंत्रं) आहेत: अमेरिकी डीएस लाइट, युरोपीय न्यू थ्रीडीएस एक्सएल आणि पीएसपी ३०००. जपानी शिकतोय. हिरागाना-काताकाना (उच्चाराप्रमाणे लिहायच्या दोन लिप्या, मिळून ‘काना’) अडखळत नाही, कांजी (चिनीतून आलेली अर्थाक्षरं) जपानी प्राथमिक शाळेच्या तिसरीपर्यंतची, म्हणजे साधारण ४४० येते. आता खेळ मूळ जपानीतूनच खेळायचे आहेत आणि तेही खऱ्या कार्ट्रिजवर.

डोक्यात असलेली यादी अशी: मदर ३ आणि रिदम तेन्गोकु (दोन्ही गेमबॉय अॅडव्हान्स), पोकेमॉन गोल्ड आणि पोकेमॉन ब्लॅकच्या जपानी आवृत्त्या, दाई ग्याकुतेन साइबान (थ्रीडीएस) आणि मॉन्स्टर हंटर पोर्टेबल थर्ड (पीएसपी).

विचारायचं आहे ते असं. यातलं काय माझ्या यंत्रांवर चालेल? जुन्या कार्ट्रिजमधला सेल संपला तर सगळं सेव्ह जातं म्हणतात, ते सगळ्यांनाच लागू आहे का? नकली कसं ओळखायचं? आणि एवढ्या कांजीवर सुरुवात कुठून करावी?

---

स्लॉटदोन

खेळाच्या नावावरून काही ठरवू नका, लेबलवरच्या कोडवरून ठरवा. निन्टेन्डोच्या कार्ट्रिजवर बारीक अक्षरांत तीन भागांचा कोड असतो. पहिला भाग यंत्राचा: डीएमजी म्हणजे गेमबॉय, एजीबी म्हणजे गेमबॉय अॅडव्हान्स, एनटीआर म्हणजे डीएस, टीडब्ल्यूएल म्हणजे डीएसआयच्या (डीएसच्या नंतरच्या मॉडेलच्या) सोयी असलेलं डीएस कार्ड, सीटीआर म्हणजे थ्रीडीएस. मधली चार अक्षरं खेळाची, आणि शेवटी प्रदेश, जपानसाठी जेपीएन. विक्रेत्याने या कोडचा स्पष्ट फोटो दिला नसेल तर मागून घ्या.

आता तुमची यादी.

मदर ३ आणि रिदम तेन्गोकु डीएस लाइटच्या खालच्या मोठ्या खाचेत बसतात आणि चालतात. गेमबॉय अॅडव्हान्सला रीजन लॉक (एका प्रदेशाचा खेळ दुसऱ्या प्रदेशाच्या यंत्रावर अडवणारं कुलूप) नाहीच. चित्र २४० × १६० ठिपक्यांचं आणि डीएसचा पडदा २५६ × १९२, त्यामुळे भोवती काळी चौकट दिसेल. तो बिघाड नव्हे. फक्त डीएस लाइटला गेमबॉयची लिंक केबल जोडता येत नाही, म्हणजे या खाचेतले खेळ एकट्यानेच.

पोकेमॉन गोल्ड तुमच्या तिन्हींपैकी कशावरच चालणार नाही. ते गेमबॉयचं कार्ट्रिज आहे आणि डीएस लाइट ती जुनी कार्ट्रिज घेत नाही. त्यासाठी गेमबॉय कलर, साधा गेमबॉय अॅडव्हान्स किंवा गेमबॉय अॅडव्हान्स एसपी लागेल. गेमबॉय मायक्रो मात्र घेऊ नका, ते फक्त अॅडव्हान्सचेच खेळ चालवतं. एसपी घेतलात तर मॉडेल बघा: एजीएस-००१ ला पडद्यावर समोरून उजेड पडतो आणि रंग फिके दिसतात, एजीएस-१०१ ला मागून. १०१ जपानमध्ये विक्रीला आलंच नव्हतं, तेव्हा जपानी एसपी म्हणजे ००१ धरूनच चला. कार्ट्रिजला लॉक नसल्यामुळे एसपी कुठलाही चालतो.

पोकेमॉन ब्लॅकमध्ये बरेच जण फसतात. डीएसच्या साध्या कार्डांना लॉक नाही, पण ब्लॅक-व्हाइट टीडब्ल्यूएल गटातले आहेत. अशी कार्डं डीएसआय किंवा थ्रीडीएसवर घातली की यंत्र प्रदेश तपासतं; मूळ डीएस आणि डीएस लाइटमध्ये ती तपासणीच नाही. म्हणजे तेच जपानी कार्ड तुमच्या न्यू थ्रीडीएसवर अडेल आणि जुन्या डीएस लाइटवर मुकाट चालेल. हा एक खेळ बघून ‘थ्रीडीएसवर जपानी डीएस खेळ चालत नाहीत’ असं सांगितलं जातं, ते चुकीचं आहे. एनटीआर असेल तर चालतो. केवळ डीएसआयसाठी काढलेली मोजकी कार्डं डीएस लाइटवर अजिबात चालत नाहीत, ते खोक्यावर लिहिलेलं असतं.

दाई ग्याकुतेन साइबान सीटीआर आहे, आणि थ्रीडीएसच्या खेळांना पक्का लॉक आहे. युरोपीय यंत्रावर चालणार नाही. जपानी थ्रीडीएस वेगळा घ्यायचा ठरवलात तर दोन गोष्टी लक्षात घ्या. त्याचा मेन्यू फक्त जपानीत असतो (डीएस लाइटच्या मेन्यूत जपानी धरून सहा भाषा असतात, तशी सोय इथे नाही). आणि मार्च २०२३ मध्ये ईशॉपवरची (थ्रीडीएसच्या ऑनलाइन दुकानातली) विक्री बंद झाली, त्यामुळे आता जे मिळेल ते कार्डावरच. या एका खेळासाठी यंत्र घेणं मला पटत नाही. दोन्ही भाग एकत्र असलेला संग्रह २०२१ मध्ये निन्टेन्डोच्या नंतरच्या यंत्रावर, स्विचवर, आला आणि स्विचला रीजन लॉक नाही.

मॉन्स्टर हंटर पोर्टेबल थर्ड निःशंक घ्या. पीएसपीच्या यूएमडी (छोट्या चकतीवरच्या) खेळांना लॉक नाही. चित्रपटांच्या यूएमडीला आहे, ते वेगळं. सेव्ह मेमरी स्टिकवर जातं, यूएमडीवर काही लिहिलं जात नाही. जपानी खेळांत गोल म्हणजे होकार आणि फुली म्हणजे माघार, हे बोटांना वळण लागेपर्यंत सांभाळा.

---

कथील

सेलबद्दल. सेल संपला की सेव्ह जातं, हे अर्ध्याच कार्ट्रिजना लागू आहे.

जुन्या गेमबॉयच्या कार्ट्रिजमध्ये सेव्ह एसरॅम चिपमध्ये असतं. या चिपला वीज सतत लागते, म्हणून शेजारी बटण-सेल. सेल मेला की आठवण गेली. पोकेमॉन गोल्डमध्ये भर म्हणून दिवस-रात्रीचं घड्याळही त्याच सेलवर चालतं, कार्ट्रिज कपाटात पडून असलं तरी. त्यामुळे गोल्ड, सिल्व्हर, क्रिस्टलचे सेल बिनघड्याळाच्या खेळांच्या आधी संपतात. जपानी गोल्ड नोव्हेंबर १९९९ चं. मूळ सेल अजून जिवंत असला तरी त्याच्या भरवशावर नवा खेळ सुरू करू नका.

गेमबॉय अॅडव्हान्सवर तीन प्रकार सापडतात. काहींत तीच एसरॅम आणि सेल. काहींत ईईप्रॉम, काहींत फ्लॅश. या दोन्हींना आठवण ठेवायला वीज लागत नाही. पोकेमॉन रूबी, सफायर, एमराल्डमध्ये सेल असतो, पण तो फक्त घड्याळाचा, सीआर १६१६. सेव्ह फ्लॅशमध्ये. सेल संपल्याची सूचना सुरुवातीला येते, घड्याळावर चालणाऱ्या गोष्टी थांबतात, तुमचा खेळ मात्र जागेवर राहतो. डीएस आणि थ्रीडीएसच्या कार्डांत सेव्हसाठी सेल नसतो.

सेल बदलायची रीत, गोल्ड धरून:

१. आधी सेव्हची प्रत काढा. यूएसबीवर चालणारे कार्ट्रिज रीडर मिळतात, जीबीएक्सकार्ट हा त्यातला एक. रीडरवर व्होल्टेजचा खटका असेल तर गेमबॉयसाठी ५ आणि अॅडव्हान्ससाठी ३.३ व्होल्ट. अॅडव्हान्सचं कार्ट्रिज ५ वर लावू नका, चिप जाऊ शकते.

२. उघडायला गेमबॉयच्या कार्ट्रिजला ३.८ मिलिमीटरचं गेमबिट पेचकस लागतं, अॅडव्हान्सला तीन पात्यांचं. स्क्रू काढल्यावर गेमबॉयची पुढची पाटी थेट उचलायची नाही, आधी खाली सरकवायची. ओढाल तर आतल्या खुंट्या तुटतात.

३. सेलवरचा आकडा वाचा आणि तोच आणा. आकडा म्हणजे माप: २०२५ म्हणजे २० मिलिमीटर रुंद, २.५ जाड, १६१६ म्हणजे १६ रुंद, १.६ जाड. गोल्डला सीआर २०२५. काही जण जास्त टिकावा म्हणून सीआर २०३२ बसवतात, पण तो ३.२ मिलिमीटर जाड आहे. पाटी फुगते, आणि यंत्राच्या खाचेवर ताण येतो.

४. सेल पत्र्याच्या पट्ट्या वेल्ड केलेलाच घ्या. साध्या सेलवर थेट डाख लावू नका. लिथियम सेल तापला की आतून खराब होतो, कधी फुटतोही.

५. आतल्या सर्किटच्या पटलावर अधिक-उणे छापलेलं असतं. जुना सेल काढण्याआधी फोटो काढून ठेवा. सोल्डरिंगची इस्त्री ३५० अंश सेल्सियसच्या आसपास. पट्टीवर थोडं नवं कथील घाला, म्हणजे जुनं पटकन वितळतं, मग पट्टी अलगद उचला. पट्टी सुटत नसताना पेचकसाने उचकटू नका. पटलावरचा तांब्याचा तुकडा पट्टीबरोबर निघून येतो आणि दोन मिनिटांचं काम दोन तासांवर जातं.

६. नवा सेल लावा, प्रत्येक टोकाला दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त उष्णता नको. मीटरने दोन पट्ट्यांमध्ये ३ व्होल्टच्या वर दिसायला हवेत.

७. खेळ सुरू करा, सेव्ह करा, बंद करा, कार्ट्रिज बाहेर काढून दहा मिनिटं ठेवा आणि परत लावा. सेव्ह दिसलं तरच स्क्रू आवळा. मग रीडरने जुनं सेव्ह परत भरा.

चिकटपट्टीने सेल दाबून बसवलेली कार्ट्रिज विकायला येतात. ती टाळा. धक्का लागला की क्षणभर संपर्क तुटतो, आणि एसरॅमला क्षणभर पुरतो.

---

तळटीप

दोघांनीही इतकं सविस्तर लिहिलंत, आभार. कथील, एक विक्रेता म्हणतो सेल तपासलाय, २.९ व्होल्ट आहे, म्हणजे अजून पुष्कळ चालेल. हे धरावं का?

---

कथील

नाही. लिथियम सेलचा विद्युतदाब आयुष्यभर ३ व्होल्टच्या आसपासच राहतो आणि शेवटी एकदम कोसळतो. २.९ वरून ‘आत्ता जिवंत आहे’ एवढंच कळतं, किती दिवस ते कळत नाही. २.५ च्या खाली असेल तर आजच बदला. ‘सेल बदललेला’ असं लिहिलं असेल तर आतला फोटो मागा, सोल्डर कसा केलाय ते बघायला.

आणि कार्ट्रिज लागतच नसेल, पडदा पांढरा राहत असेल, तर सेलला दोष देऊ नका. सेल मेला तरी खेळ सुरू होतोच, फक्त सेव्ह राहत नाही. तो दोष कार्ट्रिजच्या धातूच्या टोकांवरच्या मळाचा. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाची काडी, टोकांच्या लांबीच्या दिशेने पुसायचं, काडी पांढरी निघेपर्यंत. तोंडाने फुंकर मारू नका. ओलावा जातो आणि टोकं गंजतात.

---

पाटीवाचक

नकली ओळखण्याबद्दल. अॅडव्हान्स आणि डीएसच्या पोकेमॉनमध्ये नकलीचा सुळसुळाट आहे. मदर ३ महाग आणि फक्त जपानमध्ये निघालेला (एप्रिल २००६), त्यामुळे त्याचंही. कमी प्रसिद्ध जपानी खेळांची नक्कल करण्यात कुणाला रस नसतो.

गेमबॉय अॅडव्हान्सला चार ठिकाणी नजर टाका. लेबलवर तिरप्या उजेडात बघितलं तर दोन आकडे, कधी पुढे एक अक्षर, दाबून उमटवलेले दिसतात, छापलेले नव्हेत. खालच्या फटीतून पटलाची कड दिसते, सोनेरी टोकांच्या लगेच वर निन्टेन्डोचं नाव हवं. मागचा स्क्रू तीन पात्यांचा. आणि उघडता आलं तर आत नीट छापलेल्या चौकोनी चिपा हव्यात. काळ्या डांबरासारख्या थेंबाखाली चिप झाकलेली असेल तर ते नकली.

कथील यांनी सांगितलेल्या सेव्हच्या प्रकारांचा इथे उपयोग होतो. पोकेमॉन फायररेड आणि लीफग्रीनच्या खऱ्या कार्ट्रिजमध्ये सेल नसतोच. नकली बनवणारे स्वस्त एसरॅम टाकतात आणि तिच्यासाठी सेल बसवतात. ‘नवीन सेल घातलेला फायररेड’ अशी जाहिरात दिसली की पुढे वाचायची गरज नाही.

डीएसच्या कार्डावर पुढच्या कोडमधली मधली चार अक्षरं मागच्या बाजूला उमटवलेल्या ओळीच्या सुरुवातीलाही असतात. जुळत नसतील तर सोडून द्या. हार्टगोल्ड, सोलसिल्व्हर, ब्लॅक, व्हाइट यांच्या कार्डात इन्फ्रारेड असल्यामुळे प्लास्टिक काळं आणि किंचित पारदर्शक. दिव्यासमोर धरलं की तांबूस उजेड आरपार येतो. राखाडी, अपारदर्शक असेल तर नकली.

जपानी विक्रेत्यांच्या जाहिरातींत तेच ते शब्द येतात. ‘दोसा काकुनिन झुमी’ म्हणजे चालवून पाहिलेलं, ‘मिकाकुनिन’ म्हणजे तपासलेलं नाही, ‘जांकु’ म्हणजे भंगार म्हणून विकतोय, तक्रार ऐकणार नाही. ‘सोफुतो नोमी’ असेल तर नुसतं कार्ट्रिज, ‘हाकोसेत्सु त्सुकी’ असेल तर खोकं आणि पुस्तिकेसह. ‘नामाए काकी’ म्हणजे लेबलवर किंवा पाठीवर आधीच्या मालकाने नाव लिहिलंय. यामुळे किंमत उतरते आणि खेळाला काही होत नाही, खेळण्यासाठी घेणाऱ्याने अशी कार्ट्रिज आवर्जून बघावीत. ‘दोसा काकुनिन झुमी’मध्ये सेव्ह तपासलेलं असतंच असं नाही. त्यासाठी ‘सेबु काकुनिन’ वेगळं लिहिलेलं हवं.

---

कानाकांजी

वाचनाच्या दृष्टीने क्रम लावतो.

आधी रिदम तेन्गोकु. संगीत ऐकून खेळायचा खेळ आहे, सूचना छोट्या, न समजल्या तरी ताल समजतो. हात बसवायला उत्तम.

मग मदर ३. यात कांजी नाही, सगळं काना लिपीत आणि शब्दांमध्ये जागा सोडलेली. गेमबॉयच्या काळातले खेळ असेच असत, कारण १६० × १४४ च्या पडद्यावर आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटी मांडल्या तर आडव्या २० मावतात, आणि आठ ठिपक्यांत कांजी वाचण्यासारखी उमटत नाही. तुमची कांजी बेताची आहे तर हा सोपा वाटेल.

पोकेमॉन ब्लॅक त्यानंतर. या पिढीपासून (२०१०) मजकूर नुसत्या काना लिपीत की कांजीसह, हे खेळातच निवडता येतं. कांजीच निवडा.

ग्याकुतेन ही कोर्टातल्या खटल्यांची मालिका वाचायची असेल तर दाई ग्याकुतेनपासून सुरू करू नका. त्यात मेइजी काळातली (एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची) भाषा आहे, कायद्याचे शब्द आहेत, वर जुन्या वळणाचं बोलणं. पहिल्या ग्याकुतेन साइबानची डीएसवरची आवृत्ती, ‘योमिगाएरु ग्याकुतेन’ (२००५), घ्या. जपानी कार्डातच इंग्रजीही आहे. एक प्रकरण जपानीत खेळायचं, अडलं तिथे इंग्रजीत तेच दृश्य बघायचं. शिकणाऱ्यासाठी याहून सोयीचं कार्ड मला माहीत नाही. मूळ अॅडव्हान्सच्या २००१ च्या आवृत्तीत ही सोय नाही.

मॉन्स्टर हंटर सगळ्यात शेवटी. वाक्यं थोडी, पण वस्तूंची, कौशल्यांची, हत्यारांच्या भागांची नावं शेकड्यांनी, आणि ती न कळता चिलखत बनवायला गेलात तर साहित्य वाया जातं.

एक गोष्ट पहिल्या दिवसाआधी पाठ करा. ‘हाजिमे कारा’ म्हणजे नव्याने, ‘त्सुझुकी कारा’ म्हणजे पुढे चालू. ‘उवागाकी’ आलं की जुन्या सेव्हवर नवं लिहिलं जाणार, ‘केशिमासु का’ म्हणजे पुसू का. ‘हाई’ होय, ‘इइए’ नाही. पोकेमॉनमध्ये सेव्हला ‘रेपोतो’ म्हणतात, मेन्यूत ‘सेबु’ शोधत बसू नका.

---

शब्दवेध

कानाकांजी यांच्या क्रमाशी बराचसा सहमत आहे, एका जागी नाही. ‘कांजी नाही म्हणून मदर ३ सोपा’ हे ४४० कांजी येणाऱ्याला लागू होत नाही. त्या पायरीवर नुसती काना लिपी उलट अवघड जाते. ‘काकेरु’ काना लिपीत लिहिलं की ते टांगणं, धावणं, पैज लावणं, कमी पडणं यातलं काय हे संदर्भावरूनच ठरवावं लागतं. कांजी असती तर एका नजरेत कळलं असतं. शिवाय मदर ३ ची पात्रं बोलीभाषेत बोलतात, शब्द आखूड करतात, वाक्यं अर्धवट सोडतात. कोशात ते रूप सापडत नाही. खेळ अप्रतिम आहे, पण तिसऱ्या क्रमांकावर ठेवा.

सुरुवातीला कांजी आणि तिच्यावर फुरिगाना (बारीक काना अक्षरांत दिलेलं वाचन) असलेले डीएसचे खेळ घ्या. झेल्दाचा ‘मुगेन नो सुनादोकेई’, म्हणजे इंग्रजीतला फँटम अवरग्लास, यासाठी फार चांगला आहे: जपानी आवृत्तीत कांजीला लेखणीने स्पर्श केला की तिचं वाचन दिसतं, एरवी दिसत नाही. म्हणजे आधी स्वतः वाचायचं, अडलं तरच टोचायचं. साधं डीएस कार्ड आहे, तुमच्या दोन्ही यंत्रांवर चालेल.

आणि तुमच्याकडे डीएस खेळणारी दोन यंत्रं आहेत याचा फायदा घ्या. ‘कांजी सोनोमामा राकुबिकी जितेन’ (२००६) हा डीएसवरचा कोश आहे. पडद्यावर लेखणीने कांजी काढली की ओळखतो, वाचन येत नसलं तरी चालतं. रेघांचा क्रम बरोबर असेल तर ओळख खूपच नेमकी. डीएस लाइटवर खेळ आणि थ्रीडीएसवर कोश अशी जोडी लावा. फोनवरचे कॅमेऱ्याने वाचणारे कोश आहेत, पण जुन्या खेळांच्या ठिपक्यांच्या अक्षरांवर ते वारंवार चुकतात, विशेषतः आठ-बारा ठिपक्यांच्या कांजीवर.

आणखी एक, म्हणजे जपानी कार्ड न शोधताही जपानी खेळता येईल असं. पोकेमॉन एक्स आणि वाय (२०१३) मध्ये सुरुवातीला सात भाषांतून निवड करता येते आणि जपानी त्यात आहे. तुमच्या युरोपीय थ्रीडीएसवर युरोपीय कार्डानेच होईल. भाषा त्या सेव्हपुरती कायम होते, नंतर बदलायची तर खेळ नव्याने सुरू करावा लागतो.

---

कानाकांजी

काकेरुचा मुद्दा मान्य. मदर ३ मध्ये शब्द सुटे लिहिलेले असल्यामुळे मी त्याला वर ठेवलं होतं, पण बोलीचं म्हणणं खरं आहे. रिदम तेन्गोकु, मग मुगेन नो सुनादोकेई, मग ब्लॅक कांजीसह, मग मदर ३, असं करा. योमिगाएरु ग्याकुतेन मध्ये कधीही चालेल.

---

स्लॉटदोन

दोन राहिलेल्या गोष्टी.

पोकेमॉन गोल्ड घेतलंत तर त्याची देवाणघेवाण जपानी कार्ट्रिजशीच करा. पहिल्या दोन पिढ्यांत जपानी आणि पाश्चात्त्य आवृत्त्यांच्या नावांची लांबी वेगळी: जपानीत पाच अक्षरं, इंग्रजीत पोकेमॉनला दहा. डेटाची मांडणी जुळत नाही, आणि केबलने जोडून बदल केला तर दोन्ही बाजूंचं सेव्ह खराब होऊ शकतं. रूबी-सफायरपासून हा त्रास संपला, तिथे भाषा वेगळी असली तरी देवाणघेवाण होते.

दुसरं चार्जरचं. जपानहून यंत्र मागवलंत, एसपी असो की थ्रीडीएस, तर सोबतच्या निन्टेन्डो अॅडाप्टरवर काय छापलंय ते वाचा. काही जपानी अॅडाप्टर फक्त १०० व्होल्टचे असतात. असे २२०-२४० च्या प्लगमध्ये सरळ लावले तर जळू शकतात. तुमच्या न्यू थ्रीडीएसचाच चार्जर जपानी डीएसआय आणि थ्रीडीएसला चालतो, टोक एकच आहे. एसपी आणि मूळ डीएसचं टोक एक, डीएस लाइटचं वेगळं. यूएसबीची केबल घेतलीत तर भानगडच नाही. पीएसपीचा अॅडाप्टर १०० ते २४० पर्यंत घेतो, त्याची काळजी नको.

पीएसपीची मात्र बॅटरी काढून एकदा सपाट टेबलावर ठेवून बघा. डुगडुगली किंवा मागचं झाकण नीट बसत नसेल तर ती फुगली आहे. टोचू नका, चार्ज करू नका, बदला. ३००० ला १२०० एमएएचची पातळ बॅटरी लागते. १००० मॉडेलची १८०० ची जाड असते, ती घातली तर तुमचं झाकण लागणार नाही.

---

तळटीप

रिदम तेन्गोकु आणि मुगेन नो सुनादोकेईची जाहिरात सापडली, दोन्ही ‘नामाए काकी’, कोडचे फोटो मागवलेत: एकावर एजीबी, दुसऱ्यावर एनटीआर, शेवटी जेपीएन. गोल्डसाठी एसपी ००१ आणि पट्ट्या लावलेला सीआर २०२५ बघतोय. रिदम तेन्गोकुच्या विक्रेत्याने ‘सेबु काकुनिन’ लिहिलेलं नाही, ते विचारूनच पैसे देतो.

---

कथील

विचारताना ‘बंद करून परत लावल्यावर सेव्ह राहतं का’ असं विचारा. खेळ चालू असताना सेव्ह झाल्याचं मेलेल्या सेलवरही दिसतं.